पहिल्या पगारातली इंडक्शन शेगडी आणि तीन लिटरचा कुकर

महागड्या शहरात नव्याने नोकरीला लागलं की पगारातून आधी खोलीचं भाडं जातं, मग रोजच्या जाण्यायेण्याचा खर्च. या दोन्हींत ओढाताण करायला फारशी जागा नसते. उरलेल्या पैशांची सगळ्यात मोठी गळती बाहेरच्या जेवणातून होते, आणि ती रोज थोडी थोडी होत असल्यामुळे महिन्याची वीस तारीख उजाडेपर्यंत लक्षात येत नाही. म्हणून हा आढावा एका चुलीच्या इंडक्शन शेगडीचा आणि तिच्याबरोबर लागणाऱ्या भांड्यांचा, एकट्याने किंवा दोघांत खोली घेऊन राहणाऱ्यांसाठी. तो एखाद्या कंपनीचा नाही. साध्या, स्वस्त शेगड्या आतून जवळपास सारख्याच असतात आणि बिघडतातही सारख्याच कारणांनी.

निकाल आधीच सांगतो: शेगडी घ्यावी, पण खोलीतला विजेचा पॉइंट तपासून मगच. पॉइंट कच्चा असेल तर शेगडीऐवजी छोटा इलेक्ट्रिक राइस कुकर घ्यावा. आणि सगळ्यात आधी घरमालकाला विचारावं. खोलीत स्वयंपाक चालतो का, आणि वीज मीटरच्या दराने लावणार की प्रत्येक युनिटवर आपले चार पैसे चढवणार, हे दोन प्रश्न पैसे भरायच्या आधीचे आहेत. करारात स्वयंपाकाला मनाई असेल आणि शेगडी सापडली, तर अनामत रकमेतून कापून घ्यायला मालकाला आयतं कारण मिळतं.

आता वीज किती जाते ते. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला साधारण ३१४ किलोज्यूल लागतात, म्हणजे ०.०८७ युनिट. इंडक्शनची सुमारे ८५ टक्के वीज भांड्यात उतरते, तेव्हा मीटरवर एका लिटरमागे एक दशांश युनिट पडतं. एका माणसापुरता तांदूळ आणि डाळ कुकरला लावली तर ०.२ युनिटच्या आसपास. १००० वॉटवर आठ मिनिटं काही परतलं तर ०.१३. दोन्ही वेळचं जेवण आणि चहा धरला तर दिवसाला पाऊण युनिट, महिन्याला १५ ते २५ युनिटं. आपल्या दराने गुणून बघा. बहुतेक ठिकाणी हा आकडा बाहेरच्या दोन-चार जेवणांइतकाच निघतो.

खर्च कधी वसूल होतो, हेही जेवणांतच मोजलेलं बरं. समजा शेगडी, कुकर, तवा, पातेलं आणि जेवण गरम ठेवायचा जार मिळून बाहेरच्या ४० जेवणांइतके पैसे लागले, आणि खोलीवर केलेलं जेवण बाहेरच्याच्या एक तृतीयांश खर्चात झालं. मग प्रत्येक जेवणामागे दोन तृतीयांश वाचतात आणि ६० जेवणांत खर्च भरून निघतो. दिवसाला एकच वेळ शिजवलं तरी दोन महिने. चार महिन्यांत खोली सोडायची वेळ येणार असेल तरी हे परवडतं. आठवड्यातून दोनदाच शिजवणं होणार असेल तर वसुलीला सात महिने लागतात, आणि तेवढा पैसा पहिल्या पगारातून अडकवून ठेवू नये.

पॉइंटबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण नुकसान बहुतेक तिथेच होतं. २००० वॉटची शेगडी २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअर ओढते. १२०० वॉटवर सव्वापाच. (११०-१२० व्होल्टचा पुरवठा असेल तिथे तेवढ्याच वॉटला जवळपास दुप्पट अँपिअर लागतात.) मोबाइल चार्जर आणि पंख्यासाठी बसवलेला हलका पॉइंट नऊ अँपिअर सलग वाहण्यासाठी नसतोच. शिवाय जुन्या पॉइंटची पकड सैल झालेली असते. पिन आणि आतली पट्टी यांच्यात एक दशांश ओहमचा जरी अडथळा असला तरी पावणेनऊ अँपिअरला तिथे साडेसात वॉट उष्णता तयार होते, तीही नखाएवढ्या जागेत. प्लास्टिक आधी पिवळं पडतं, मग तपकिरी होतं, मग माशांसारखा वास येतो. तो वास म्हणजे शेवटची सूचना. करंट निम्मा केला की ही उष्णता चौथाईवर येते. म्हणून कच्च्या पॉइंटवर नाइलाजाने वापरायचीच असेल तर ८०० ते १००० वॉटच्या वर चढवू नये. यात एक अडचण आहे: बऱ्याच शेगड्या बटण दाबताच मोठ्या वॉटवर सुरू होतात आणि मग आपण त्या खाली आणायच्या. घेताना दुकानदाराला चालू करून दाखवायला सांगा. कमी वॉटवर सुरू होणारी मिळाली तर तीच घ्या, दिसायला कशीही असली तरी.

एक्स्टेंशन बोर्ड वापरू नये. वापरायचाच असेल तर जाड वायरचा, एकाच सॉकेटचा, आणि वायर गुंडाळी न करता पूर्ण उलगडलेली. गुंडाळलेल्या वायरीतली उष्णता बाहेर पडत नाही. सामायिक घरात इस्त्री, पाणी तापवायचं यंत्र आणि शेगडी एकाच लाइनवर असतील तर सकाळी आठला फ्यूज किंवा एमसीबी पडणारच. याला इलाज म्हणजे खोलीतल्या मंडळींनी वेळा वाटून घेणं. पडतोय म्हणून जास्त अँपिअरचा एमसीबी किंवा जाड फ्यूज तार घालणं म्हणजे भिंतीतल्या वायरीला पेटायची मोकळीक देणं.

आता भांडी. इंडक्शनच्या काचेखाली तांब्याचं वेटोळं असतं. त्यातून सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा उलटसुलट होणारा करंट जातो आणि भांड्याचा तळ स्वतःच तापतो. त्यासाठी तळ चुंबक धरणारा हवा. अ‍ॅल्युमिनियम, तांबं, पितळ, काच, माती यातलं काही चालत नाही. स्टीलची सगळी भांडी चालतात असंही नाही. बरंच चांगलं, न गंजणारं स्टील चुंबकाला दाद देत नाही. खरेदीला जाताना खिशात एक साधा चुंबक ठेवा. तळाच्या मधोमध आणि कडेला, दोन्हीकडे घट्ट चिकटला पाहिजे. मधेच चिकटतो आणि कडेला सुटतो अशी भांडी असतात. त्यांच्या तळाला छोटी चकती बसवलेली असते आणि तेवढ्याच भागात अन्न करपतं.

तळाचा व्यासही बघा. साधारण १२ सेंटिमीटरपेक्षा लहान तळ असेल तर शेगडी भांडं ओळखतच नाही, नुसती टीं टीं करत राहते. उलट बाजूने, वरची काच पानभर मोठी दिसली तरी स्वस्त शेगडीतलं वेटोळं १५ ते १८ सेंटिमीटरचंच असतं. हे डोळ्यांनी बघता येतं: रुंद तव्यात बोटभर पाणी घालून शेगडी चालू करा. बुडबुडे सगळीकडून येत नाहीत, बांगडीसारखं गोल कडं उमटतं. त्या कड्याच्या बाहेर तवा कोमटच राहतो. म्हणून ३० सेंटिमीटरचा तवा घेऊन उपयोग नाही. २२ ते २४ पुरेसा.

त्याच पाण्यात आणखी एक गोष्ट दिसते. शेगडी ३०० वॉटवर आणा आणि कान द्या. काही सेकंद गुणगुण, मग शांतता, पुन्हा गुणगुण. कडं उठतं, बसतं, पुन्हा उठतं. स्वस्त शेगड्यांना ३०० वॉट सलग देता येत नाहीत. त्या हजाराच्या आसपासचे वॉट थोडा वेळ देतात आणि थोडा वेळ बंद राहतात, सरासरी तेवढी भरते. मंद आचेवर ठेवलेलं दूध उतू जातं आणि पातळ पातेल्यात तळ धरतं, ते यामुळे. शेगडी बदलून फरक पडत नाही, जाड तळाचं भांडं घ्यावं लागतं. जाड तळ मधल्या बंद काळात उष्णता धरून ठेवतो. पैसे एकाच भांड्यावर जास्त घालायचे असतील तर ते जाड तळाच्या पातेल्यावर घाला. ‘भात’, ‘दूध’, ‘कुकर’ अशी चित्रं असलेल्या बटणांसाठी एक पैसाही जास्त देऊ नका. त्यामागे ठरावीक वॉट आणि ठरावीक वेळ यापलीकडे काही नसतं. तापमानाचा आकडा दाखवणारी सोयही भरवशाची नाही, कारण संवेदक काचेच्या खाली मधोमध असतो आणि भांड्याचा तळ जरा पोकळ असला तरी त्याला चुकीचं तापमान कळतं.

रिकामं भांडं पूर्ण आचेवर कधीही ठेवू नये. गॅसवर तवा तापायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा फार लवकर इथे तो भलता तापतो. नॉनस्टिकचा थर २६० अंशांच्या पुढे खराब होऊ लागतो आणि पातळ तळ वाकतो. एकदा तळाला पोट आलं की भांडं काचेवर भिंगरीसारखं फिरतं आणि पुढे कधी नीट बसत नाही.

कुकर तीन लिटरचा घ्यावा. दोन लिटरच्यात डाळ फेसाळून शिट्टीतून बाहेर येते, आणि पाच लिटरचा तापवण्यातच वीज जाते. बसका नको, उभा घ्या, म्हणजे आत दोन डबे एकावर एक बसतात. स्टीलचा जड तळाचा असेल तर उत्तम. इंडक्शनवर चालणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या कुकरला खाली स्टीलची चकती ठोकलेली असते. पाणी आटून कोरडा तापला तर ती सुटू शकते. आतमध्ये दोन तृतीयांशपेक्षा जास्त भरायचं नाही, फेस येणाऱ्या धान्याला निम्म्यापेक्षा जास्त नाही. रिंग कडक झाली, चिरली किंवा बाजूने वाफ जाऊ लागली की लगेच बदला. वाफ गळत असेल तर दाब चढत नाही, पाणी आटतं, वीज वाया जाते आणि वर डाळ कच्ची राहते.

कामावर जायच्या सकाळी हे असं जमतं. रात्री ६० ग्रॅम डाळ धुऊन भिजत ठेवायचीही गरज नाही. अख्खं कडधान्य असेल तरच आठ तास भिजवावं. सकाळी कुकरच्या तळाला २५० मिली पाणी. एका डब्यात डाळ आणि १८० मिली पाणी, दुसऱ्यात १०० ग्रॅम तांदूळ आणि २०० मिली पाणी. वरच्या डब्यावर ताटली, म्हणजे वाफेचं पाणी आत पडत नाही. बटाटा असेल तर अर्धा चिरून डब्याच्या बाजूला. १२०० वॉटवर सहा-सात मिनिटांत दाब चढतो. पहिली शिट्टी झाली की ४०० ते ५०० वर आणून टायमर आठ मिनिटांचा. शेगडी आपोआप बंद होते आणि कुकर पुढची दहा मिनिटं स्वतःच्याच वाफेवर शिजवत राहतो. आत पाणी १२० अंशांच्या जवळ असतं, म्हणून ती दहा मिनिटं फुकट मिळालेली आहेत. शिट्टी उचलून वाफ काढली तर ती वाया जातात. तेवढ्या वेळात शेगडी मोकळी असते; कुकर खाली उतरवून तिच्यावर भाजी किंवा अंडं करून घ्यायचं. एकूण ३५ मिनिटं, त्यातली हात गुंतलेली १५.

काही शेगड्यांना ‘अमुक तासांनी आपोआप सुरू हो’ अशी सोय असते. ती वापरू नये. गरम हवेत भिजलेलं धान्य रात्रभर आंबतं, आणि पहाटे आपण झोपेत असताना दोन हजार वॉटचं यंत्र आपोआप सुरू होणं बरं नाही.

फ्रिज नसेल तर इथे काळजी घ्यावी लागते. शिजवलेला भात खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये; उकाड्यात तर तासभरच. बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यावरही जिवंत राहतात, कोमट भातात वाढतात, आणि त्यांनी सोडलेलं एक विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. रात्रीचा भात सकाळी परतून डब्यात नेणं म्हणूनच धोक्याचं. पोट बिघडून एक दिवसाचा पगार कापला गेला तर आठवड्याची बचत संपते. सकाळी शिजवलेलं दुपारी खायचं असेल तर दोनच मार्ग: कामाच्या ठिकाणच्या फ्रिजमध्ये ठेवणं, किंवा निर्वात भिंतींचा स्टीलचा जार. जार आधी उकळत्या पाण्याने भरून पाच मिनिटं ठेवायचा, पाणी ओतून लगेच वाफाळतं जेवण काठोकाठ भरायचं. अर्धा भरलेला जार लवकर निवतो. अन्न ६० अंशांच्या वर राहिलं पाहिजे. एका सुट्टीच्या दिवशी घरी भरून ठेवा आणि जेवायच्या वेळी उघडून बघा: चटका बसण्याइतकं गरम असेल तर तो जार कामाचा, नुसतं कोमट असेल तर नाही.

बरेचसे बिघाड खालच्या पंख्यापाशी सुरू होतात. शेगडी पोटातून हवा घेते. खाली वर्तमानपत्र, टॉवेल किंवा गादी असेल तर हवा कोंडते, आतला आयजीबीटी नावाचा, करंट झपाट्याने चालू-बंद करणारा भाग तापतो आणि जळतो; त्याच्यासोबत फ्यूजही जातो. घट्ट, सपाट फळीवर ठेवा, भिंतीपासून चार बोटं लांब. काम झाल्यावर पंखा एक-दोन मिनिटं चालू राहतो, तो थांबेपर्यंत मेन बटण बंद करू नका. दुसरं कारण झुरळं. ऊब आणि तेलाचा वास यामुळे ती आत शिरतात आणि सर्किटवर मरून शॉर्ट करतात. वापर नसेल तेव्हा शेगडी पुसून, जाळी खाली न ठेवता उभी करून ठेवली की हा त्रास खूप कमी होतो. टच बटणं ओल्या बोटांना आणि वाफेला दाद देत नाहीत. दाबायची बटणं काही वर्षांनी वरच्या पापुद्र्यातून फाटतात आणि तेल आत उतरतं. दोन्हींत दाबायची बरी, कारण तो पापुद्रा बदलता येतो. काचेला केसाएवढी चीर जरी गेली तरी शेगडी बंद करा. उतू गेलेलं पाणी त्या चिरेतून थेट विजेच्या भागावर जातं. वॉरंटीत काच बहुधा धरलेली नसते, ते कागद वाचून घ्या.

दुरुस्ती करताना आयजीबीटी, फ्यूज आणि ब्रिज रेक्टिफायर (एसी वीज डीसी करणारा भाग) बदलून बहुतेक शेगड्या पुन्हा चालतात. वेटोळं क्वचितच जातं, म्हणून ‘कॉइल गेली’ असं कोणी पटकन सांगितलं तर दुसरीकडे दाखवा.

हृदयाला पेसमेकर बसवलेला असेल तर चालू शेगडीपासून दोन फूट अंतर ठेवावं आणि डॉक्टरांना विचारूनच वापरावी.

पॉइंट कच्चा आहे, मालक वायरिंग बदलत नाही, अशा खोलीसाठी ४०० वॉटचा छोटा राइस कुकर. तो २३० व्होल्टवर पावणेदोन अँपिअरच घेतो, त्यामुळे साधा पॉइंट पुरतो. त्याच्या तळाला मधोमध स्प्रिंगवर एक चुंबक असतो. पाणी आहे तोवर तळ शंभर अंशांच्या आसपास राहतो आणि चुंबक धरून असतो. पाणी संपून तळ जरा वर तापला की चुंबकाची पकड सुटते आणि खटका पडतो. इतकी साधी रचना असल्यामुळे तो वर्षानुवर्षं टिकतो. भात, डाळ, उकडलेली अंडी, सूप सगळं होतं. परतणं मात्र नीट जमत नाही आणि अख्खी कडधान्यं फार वेळ घेतात. पाणी उकळायच्या इलेक्ट्रिक किटलीत अन्न शिजवायचा मोह मात्र टाळा. तिचा तळ पाण्यासाठी आहे; त्यावर पीठ किंवा डाळ चिकटली की तो भाग जास्त तापतो आणि किटली जाते.

जुनी शेगडी घ्यायची असेल तर पैसे द्यायच्या आधी दहा मिनिटं मागून घ्या. चुंबक चिकटणारं पातेलं आणि मोजून एक लिटर पाणी सोबत न्या. पूर्ण २००० वॉटवर लावा, झाकण ठेवा आणि घड्याळ बघा. सव्वातीन ते चार मिनिटांत उकळी आली पाहिजे. पाच-सहा मिनिटं लागली तर आत काही कमजोर आहे. पंख्याचा आवाज एकसारखा हवा, खरखर नको. काच तिरक्या उजेडात धरून चिरा बघा. उलटी करून स्क्रूंच्या खाचा बघा. झिजलेल्या असतील तर ती आधी उघडली गेली आहे, काय बदललं ते विचारा. शेवटी शेगडी बंद करून, भिंतीवरचा खटका पाडून, पिन बाहेर काढा आणि तिच्या प्लास्टिकला हात लावा. कोमट असेल तर ठीक. बोट टिकत नसेल तर दोष पिनेचा आहे की तिथल्या पॉइंटचा, ते दुसऱ्या पॉइंटवर लावून बघा. दोन्हीकडे तापली तर शेगडी तिथेच ठेवून या.